जुनी मालिका पुन्हा बघायचीय? आधी प्रत ओळखा

"तेव्हा जीव टाकायचो त्या मालिकेवर, आता दोन भागसुद्धा बघवले नाहीत," असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, प्रत कोणती होती?

मी नोकरीची सगळी वर्षं टीव्हीच्या कार्यक्रमांचं संकलन केलं, सुरुवातीला टेपवर आणि पुढे संगणकावर. त्या खोलीत बसणाऱ्याला एक गोष्ट पक्की कळते. जुन्या मालिकेचा एकच भाग निरनिराळ्या रूपांत फिरत असतो. एकात तीन-चार मिनिटं कापलेली असतात, दुसऱ्यात मागे वाजणारं गाणं बदललेलं असतं, तिसऱ्यात चित्र वरून-खालून छाटलेलं असतं, चौथ्यात सगळी पात्रं किंचित घाईत बोलत असतात. बघणाऱ्याला यातलं कुणी काही सांगत नाही. त्याला एवढंच जाणवतं की पूर्वीची मजा येत नाही. मग तो मालिकेला जुनाट ठरवतो, नाहीतर स्वतःच्या वयाला बोल लावतो.

म्हणून बसण्याआधी थोडी तयारी करा, असं मी कळकळीने सांगते. डीव्हीडी असो, ब्लू-रे असो, कपाटात राहिलेली व्हीएचएस कॅसेट असो. आपल्या हातात नेमकं काय आहे ते ओळखून बघा. डिस्कचा मोठा गुण हा की एकदा घेतली की तिच्यातलं काही बदलत नाही. ऑनलाइन सेवेवर आज असलेली प्रत उद्या न सांगता बदलते, आणि परवा मालिकाच गायब होते.

फिल्म की टेप

पहिला शोध याचा घ्यायचा की मालिका कशावर चित्रित झाली. डीव्हीडी घ्यायची की ब्लू-रेला जास्त पैसे मोजायचे, हे यावरच ठरतं.

व्हिडिओ टेपवर चित्रित झालेल्या मालिकेत त्या काळच्या टीव्हीत होत्या तेवढ्याच, चित्र बनवणाऱ्या आडव्या रेषा असतात. अमेरिका-जपानच्या एनटीएससी पद्धतीत ५२५, त्यातल्या चित्राच्या साधारण ४८०. युरोपात आणि आपल्याकडे तेव्हा चालणाऱ्या पाल पद्धतीत ६२५, त्यातल्या चित्राच्या ५७६. डीव्हीडीमध्ये नेमक्या ४८० किंवा ५७६ रेषा मावतात. म्हणजे टेपवरच्या मालिकेची नीट काढलेली डीव्हीडी मिळाली तर जे होतं ते जवळपास सगळं मिळालं. नसलेला तपशील ब्लू-रे कुठून आणणार? माहिती कमी दाबून भरलेली असल्यामुळे चित्र थोडं स्वच्छ दिसतं, एवढाच फरक.

फिल्मची गोष्ट निराळी. १९५१ साली सुरू झालेली 'आय लव्ह लुसी' ३५ मिलिमीटर फिल्मवर, प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी चित्रित व्हायची. छायाचित्रणाची बाजू सांभाळायला होते कार्ल फ्रॉइंड, ज्यांनी मूकपटांच्या काळात 'मेट्रोपोलिस'वर काम केलं होतं. त्या निगेटिव्हमध्ये जो तपशील होता तो तेव्हाच्या घरगुती टीव्हीवर कुणाला दिसलाच नाही. आज ब्लू-रेवर तो पहिल्यांदा दिसतो. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीची कृष्णधवल मालिका नव्वदच्या दशकातल्या एखाद्या टेपवरच्या मालिकेपेक्षा कितीतरी रेखीव दिसू शकते. वय पाहून अंदाज बांधू नका, माध्यम पाहा.

मधलाही एक प्रकार आहे, आणि मला तो सगळ्यात भावतो. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' (१९८७ ते १९९४) चित्रित झाली ३५ मिलिमीटर फिल्मवर, पण तिचं संकलन आणि दृश्यपरिणाम झाले टेपवर. पूर्ण झालेला भाग फिल्मवर कधी अस्तित्वातच नव्हता. ब्लू-रे काढायची वेळ आली तेव्हा मूळ निगेटिव्हची रिळं शोधून काढावी लागली. टेपवरचा तयार भाग समोर ठेवून प्रत्येक शॉट त्यातून हुडकायचा, त्याच जागी कापायचा, जोडायचा, अवकाशयानांची दृश्यं पुन्हा एकावर एक बसवायची. असं सात सीझन. हे काम २०१२ ते २०१४ या काळात टप्प्याटप्प्याने बाहेर आलं. ज्याने कधी एक अर्धा तासाचा कार्यक्रम नुसता पुन्हा जुळवला असेल, त्यालाच यामागची मेहनत कळेल. या मालिकेची जुनी डीव्हीडी आणि ही ब्लू-रे एकापाठोपाठ लावून पाहा. चेहऱ्यावरचा प्रकाश वेगळा दिसतो, गणवेशाच्या कापडाची वीण दिसते.

ब्रिटिश मालिका बघणार असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सत्तरच्या दशकात तिथे घरातली दृश्यं स्टुडिओत टेपवर आणि बाहेरची दृश्यं १६ मिलिमीटर फिल्मवर घ्यायचा रिवाज होता. पात्र दार उघडून अंगणात आलं की चित्राचा पोतच पालटतो. डिस्क सदोष नाही, मालिका अशीच बनली होती. तसंच 'द ट्वायलाइट झोन'च्या दुसऱ्या सीझनमधले सहा भाग खर्च वाचवण्यासाठी टेपवर घेतले गेले. बाकी सगळी मालिका फिल्मवर आहे, त्यामुळे ते सहा एकदम सपाट, नाटकासारखे दिसतात. 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स'चे सुरुवातीचे काही भाग कृष्णधवल आहेत, कारण १९७० च्या अखेरीस ब्रिटनमधल्या आयटीव्ही या वाहिनीच्या तंत्रज्ञांनी रंगीत उपकरणांवर काम करायला नकार दिला होता. हे आधी माहीत असलं की माणूस टीव्हीच्या रंगांशी झटापट करत बसत नाही.

खोक्याची मागची बाजू वाचा

पुढून खोकं कितीही देखणं असो, कामाची माहिती मागे बारीक अक्षरात असते. आणि त्यातली सगळ्यात कामाची म्हणजे एकूण मिनिटं.

साठच्या दशकात अमेरिकेत 'तासाची' मालिका जाहिराती वगळून सुमारे ५० मिनिटांची असायची. नव्वदच्या दशकात ती ४५ च्या आसपास आली. अर्ध्या तासाची मालिका २५-२६ मिनिटांवरून २२ वर आली. जाहिराती वाढल्या, गोष्ट आक्रसली. मग जुन्या मालिका पुनःप्रक्षेपित करताना नव्या जाहिरातींना जागा हवी म्हणून त्यांच्यातली मिनिटं कापली गेली. कात्री कुठे चालायची? गोष्ट पुढे सरकवणाऱ्या दृश्यांना हात लागत नसे. जायचे ते दोन पात्रांचे निवांत संवाद, खोलीतून बाहेर पडता पडता केलेली थट्टा, कुणीतरी एकटं बसलंय असा शॉट. आपल्याला मालिका आवडलेली असते ती बहुतेक वेळा याच जागांमुळे. या कापलेल्या प्रती पुढे स्वस्त डिस्कवरही आल्या.

तेव्हा भागाकार करा. मागे २६ भाग आणि १३०० मिनिटं लिहिलं असेल तर भागाला ५० मिनिटं, उत्तम. साठच्या दशकातल्या तासाच्या मालिकेला ४४-४५ मिनिटं निघत असतील तर ते खोकं परत जागेवर ठेवा. ४८ निघाली तर घाबरू नका, त्याचं कारण पुढे येतंय.

'रीमास्टर्ड' या शब्दावर विसंबू नका. तो स्वच्छतेलाही वापरतात आणि बदलालाही. मूळ 'स्टार ट्रेक' (१९६६ ते १९६९, ७९ भाग) २००६ पासून नव्याने सादर झाली तेव्हा अवकाशातली जुनी दृश्यं काढून संगणकावर बनवलेली नवी घातली गेली. ब्लू-रेवर मात्र दोन्ही दिली आहेत आणि मेनूतून निवडता येतात. दोन्ही मिळत असतील तर मूळ निवडा. यानाची प्रतिकृती वापरून घेतलेला शॉट त्या दिव्यांशी, त्या रंगांशी आणि त्या फिल्मच्या दाण्याशी, म्हणजे चित्रातल्या बारीक ठिपक्यांशी, जुळलेला असतो. नवं यान चकचकीत असतं, पण शेजारच्या शॉटशी त्याचं नातं जुळत नाही.

उलटही घडतं. 'फ्रेंड्स'च्या अमेरिकेतल्या डीव्हीडींवर प्रक्षेपणापेक्षा लांबलेले भाग होते, तर नंतरच्या ब्लू-रेवर प्रक्षेपित झालेली लांबी आहे. जास्त मिनिटं म्हणजे जास्त चांगलं असं पुष्कळांना वाटतं. विनोदी मालिकेत मला ते पटत नाही. विनोद पळांच्या हिशोबावर उभा असतो. संकलकाने एक वाक्य उडवलं असेल तर बहुधा पुढचं वाक्य नेम धरून लागावं म्हणून. पहिल्यांदा प्रक्षेपित प्रत बघा, वाढीव दृश्यं नंतर आवडीने बघा.

आता गाण्यांबद्दल. जुन्या करारांमध्ये गाणं टीव्हीवर वाजवायचा हक्क घेतलेला असायचा, घरी विकायच्या प्रतीचा विचारच कुणाच्या मनात नव्हता. डिस्क काढायची वेळ आली की तो हक्क नव्याने विकत घ्यावा लागतो, आणि गाणी नावाजलेली असतील तर रक्कम आवाक्याबाहेर जाते. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही तर रेडिओ केंद्रात घडणारी मालिका, म्हणजे गाणी हा तिचा श्वास. तिच्या पहिल्या सीझनची डीव्हीडी २००७ मध्ये आली तेव्हा बरीच गाणी बदललेली होती. बहुतेक मूळ गाणी परत आली ती २०१४ च्या संचात. 'द वंडर इयर्स' १९९३ मध्ये संपली आणि गाण्यांच्या हक्कांपायी डीव्हीडीवर यायला २०१४ उजाडलं. ज्या मालिकेत गाण्यांना जागा आहे तिची डिस्क घेताना संचाचं वर्ष तपासा. बहुधा नंतरचा संच बरा असतो, पण नेहमीच नाही, म्हणून वर्षासकट शोधा.

कुठल्या देशाची डिस्क

डीव्हीडीवर पृथ्वीच्या गोळ्याच्या चित्रात एक आकडा असतो. भारताचा ५, अमेरिका-कॅनडाचा १, युरोप आणि जपानचा २. शून्य किंवा 'ऑल' असेल तर कुठेही चालते. ब्लू-रेला अक्षरं असतात: अमेरिका खंड आणि जपानला ए, युरोप-ऑस्ट्रेलियाला बी, भारत-चीन-रशियाला सी. प्लेअर कुठला आहे ते पाहून डिस्क घ्या, किंवा सर्व प्रदेशांच्या डिस्क चालवणारा प्लेअर घ्या. संगणकाच्या ड्राइव्हचा प्रदेश पाचदाच बदलता येतो, नंतर तो शेवटच्या निवडीवर कायमचा अडकतो. गंमत म्हणून बदलत बसू नका.

यापेक्षा महत्त्वाची बाब वेगाची आहे. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी, धावते. पाल पद्धत सेकंदाला २५ चौकटी दाखवते. पाल डिस्क बनवताना साधारण सोपा मार्ग घेतात: फिल्म थेट २५ ने पळवायची. सगळं ४ टक्के वेगाने घडतं. ५० मिनिटांचा भाग ४८ मिनिटांत संपतो, आणि आवाज दुरुस्त केला नसेल तर तो जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. ४ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ज्याच्या कानात शीर्षकसंगीत मुरलंय त्याला पहिल्या ओळीतच खटकतं. भारदस्त आवाजाचा नायक थोडा पातळ वाटतो, दोन वाक्यांमधला थांबा थोडा आखडतो.

मग काय घ्यावं? माझा नेम साधा आहे: मालिका जिथे बनली तिथली डिस्क. अमेरिकन फिल्मवरची मालिका असेल तर अमेरिकन डीव्हीडी, किंवा त्याहून बरं म्हणजे ब्लू-रे, कारण ब्लू-रेवर २४ चौकटी जशाच्या तशा ठेवता येतात. ब्रिटिश मालिका मुळातच २५ ला बनलेली, म्हणून तिची पाल डिस्कच खरी. तिची अमेरिकन डीव्हीडी पद्धत बदलून बनलेली असते आणि कॅमेरा फिरला की चित्र धुरकट होतं.

टीव्हीला आवरा

एकदा भाचीने फोन केला. मी दिलेला संच तिने लावला होता. "मावशी, यात सगळेच इतके बुटके आणि रुंद का दिसतायत? तेव्हाचे नट असेच होते का गं?"

मी म्हटलं, "चित्रात काहीतरी गोल शोध. भिंतीवरचं घड्याळ, गाडीचं चाक, टेबलावरची बशी."

थोड्या वेळाने म्हणाली, "घड्याळ आहे. पण ते लांबट दिसतंय."

तिचा टीव्ही ४:३ चं जुनं चित्र ताणून १६:९ च्या रुंद पडद्यावर भरत होता. रिमोटवर चित्राच्या आकाराची कळ असते. ती दाबत राहायचं, घड्याळ गोल होईपर्यंत. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्यायच्या. कुणी म्हणेल पडदा वाया जातोय. वाया काहीच जात नाही. छायाचित्रकाराने त्याच चौकोनात माणसं बसवली होती.

ताणण्याऐवजी छाटायचाही उद्योग चालतो, आणि तो डिस्क किंवा ऑनलाइन प्रत बनवतानाच झालेला असेल तर रिमोटने सुटत नाही. 'साइनफेल्ड' २०२१ मध्ये एका ऑनलाइन सेवेवर रुंद चौकटीत आली, तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यावर आधारलेल्या भागातला खड्डाच एका दृश्यात चौकटीबाहेर गेला होता. दुसरीकडे 'द वायर' ही २००२ ते २००८ ची मालिका, ४:३ साठी घेतलेली. २०१४ मध्ये तिची रुंद आवृत्ती निघाली तेव्हा निर्माते डेव्हिड सायमन स्वतः त्यात लक्ष घालत होते, आणि काही दृश्यांत फायदा झाला, काहींत तोटा, असं त्यांनी उघडपणे लिहिलं. एवढी काळजी घेऊनही तोटा होतो. ४:३ प्रत मिळत असेल तर तीच घ्या.

कधी वरच्या कडेला माइकचं टोक डोकावतं, कधी बाजूला सेटची भिंत संपलेली दिसते. जुन्या टीव्हीच्या काचेआड चित्राच्या कडा झाकल्या जायच्या आणि चित्रण करणारे ते धरूनच काम करायचे. आताचा पडदा सगळं दाखवतो. तिकडे काणाडोळा करा.

मग टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये जा आणि तीन गोष्टी बंद करा. पहिली, हालचाल गुळगुळीत करणारी सोय. प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव दिलंय, पण काम एकच: दोन चौकटींच्या मध्ये न घेतलेल्या चौकटी कल्पून घालायच्या. फिल्मवरची मालिका त्यामुळे बातम्यांसारखी दिसते. दुसरी, चित्रातले दाणे घालवणारी सोय, कारण ती दाण्यांबरोबर त्वचाही पुसून टाकते. तिसरी, शार्पनेस. तो पार खाली आणा. सुरुवातीला चित्र मऊ वाटेल, डोळे लवकरच रुळतात. टीव्हीत 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड असेल तर तिथून सुरुवात केली की निम्मं काम आपोआप होतं.

टेपवरच्या मालिकेला एक वेगळाच रोग जडतो. पात्राने हात झटकन वर केला की बोटांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. कारण असं की टेपवरची प्रत्येक चौकट दोन अर्धचित्रांची असते, एकात विषम रेषा, दुसऱ्यात सम, आणि दोन्ही वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या. पाल पद्धतीत अशी सेकंदाला ५० अर्धचित्रं, एनटीएससीत जवळपास ६०. जुना टीव्ही ती एकामागून एक दाखवायचा, आताचा पडदा एकदम दाखवतो. चांगला प्लेअर हे स्वतः सांभाळतो. संगणकावर व्हीएलसीमध्ये बघत असाल तर कीबोर्डवरची डी ही कळ डीइंटरलेसिंग, म्हणजे या रेघा घालवणारी सोय, चालू-बंद करते. त्याच्या प्रकारांत 'याडिफ २एक्स' किंवा 'बॉब' निवडा, म्हणजे पन्नासच्या पन्नास क्षण वेगळे दिसतील. काही पद्धती त्यातले निम्मे टाकून देतात. रेघा जातात खऱ्या, पण त्याबरोबर टेपवरच्या मालिकेचा जिवंतपणाही जातो, समोर आत्ता घडतंय असा तो भास.

आवाजाच्या बाबतीत मूळ मोनो, म्हणजे एकाच वाटेने येणाऱ्या आवाजाची, ध्वनीपट्टी दिलेली असेल तर तीच लावा. ५.१ मध्ये, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरांसाठी, नव्याने बनवलेल्या पट्ट्यांत कधी कधी पावलांचे, गोळीबाराचे आवाजही बदललेले असतात. 'मॅश'च्या डीव्हीडींवर मात्र एक अप्रतिम सोय आहे: मागचं ध्वनिमुद्रित हसू काढून टाकलेली पट्टी. युद्धातल्या शस्त्रक्रिया छावणीची ती मालिका हशाशिवाय पाहा. तीच वाक्यं असतात, पण नंतरची शांतता ऐकू येते आणि ही माणसं विनोद का करतात ते कळतं. मी ती मालिका दुसऱ्या कुठल्याही प्रकारे बघू शकत नाही.

कुठून सुरू, कुठल्या क्रमाने

भाग ज्या क्रमाने चित्रित झाले, ज्या क्रमाने दाखवले गेले आणि ज्या क्रमाने डिस्कवर आहेत, हे तीन क्रम जुळतीलच असं नाही. 'फायरफ्लाय' २००२ मध्ये उलटसुलट दाखवली गेली. ओळख करून देणारा पहिला भाग सर्वांत शेवटी प्रक्षेपित झाला आणि १४ पैकी ३ भाग तेव्हा दाखवलेच नाहीत. २००३ च्या डीव्हीडीवर ते निर्मात्यांच्या क्रमाने लागले, आणि मालिकेला खरा प्रेक्षक मिळाला तो तिथे. 'द प्रिझनर'च्या (१९६७-६८) १७ भागांच्या क्रमावर चाहते आजही वाद घालतात. तिथे पहिला भाग पहिला, शेवटचे दोन शेवटी, मधल्यांचा वाद मनावर घेऊ नका.

एकेका भागात गोष्ट संपणारी मालिका असेल आणि सोबत नवखं माणूस बसलं असेल तर पहिल्या भागाचा हट्ट धरू नका. पायलट, म्हणजे मालिकेचा आधी बनवलेला नमुना भाग, बहुधा चाचपडत बनलेला असतो. 'स्टार ट्रेक'चा पहिला पायलट वाहिनीने नाकारला होता, त्यात कप्तानही दुसराच होता. पुढे त्यातली दृश्यं एका दोन भागांच्या गोष्टीत वापरली गेली. असा पायलट डिस्कवर असेल तर तो मालिका अंगवळणी पडल्यावर बघा.

मेनूपासून जपा. पुष्कळ डिस्कच्या मेनूत पुढच्या भागातली दृश्यं फिरत राहतात, आणि आतल्या पुस्तिकेत शेवट उघड छापलेला असतो. नव्या माणसाला दाखवताना मी डिस्क लावून भाग सुरू करते आणि मगच टीव्ही चालू करते. दिग्दर्शकाचं किंवा लेखकाचं भाष्य दिलेलं असेल तर तेही भाग एकदा पाहून झाल्यावरच.

बघण्याची गती

दिवसाला एक भाग, फार तर दोन.

जुन्या मालिका अशा प्रेक्षकासाठी लिहिल्या गेल्या ज्याच्याकडे भाग हवा तेव्हा पुन्हा बघायचा कुठलाच मार्ग नव्हता. व्हीएचएस आली १९७६ मध्ये, आणि घरोघरी पोचायला आणखी वर्षं गेली. म्हणून पात्रं एकमेकांना नावाने हाका मारतात, गेल्या आठवड्यातली हकिगत संवादातून पुन्हा सांगतात, खलनायकाचं ठरलेलं वाक्य दर भागात येतं. आठवड्याच्या अंतराने हे ऐकलं की ओळखीचं कुणी भेटल्याचा आनंद होतो. एका बैठकीत पाच भाग लावले की तेच कानाला टोचायला लागतं. लिहिणाऱ्याने आठवडा मध्ये आहे हे धरून लिहिलंय. आठवडा नाही तरी एक रात्र मध्ये जाऊ द्या.

जाहिरातीच्या जागाही अशाच. नीट पाहिलंत तर दिसेल: कुणीतरी एक वाक्य बोलतं, उत्तर येत नाही, कॅमेरा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर थांबतो, संगीत एक पायरी चढून तिथेच रेंगाळतं आणि पडदा काळा होतो. त्यानंतरचा पहिला शॉट बहुतेक वेळा इमारतीचा बाहेरून घेतलेला असतो, म्हणजे जाहिराती संपवून परतलेल्या माणसाला आपण कुठे आहोत ते कळावं. डिस्कवर हे दोन्ही शॉट एकमेकांना चिकटतात आणि तो ताण तिथल्या तिथे विरतो. संकलनात आम्ही त्या काळ्या चौकटीवर सगळ्यात जास्त वेळ घालवायचो. तिथे पॉज दाबा, उठा, पाणी प्या, सोबत कुणी असेल तर आता काय होईल यावर बोला. मग पुढे चला. भाग एकदम उभा राहतो.

डिस्क सांभाळणं

संच आला की लगेच प्रत्येक डिस्कचा पहिला, मधला आणि शेवटचा भाग थोडा थोडा चालवून बघा, परत करायची मुदत संपायच्या आत. दोन्ही बाजूंनी मजकूर असलेल्या डिस्क असतील तर आणखी काळजीने तपासा, त्या लवकर दगा देतात. डिस्क काढताना मधली गुंडी बोटाने दाबा आणि कडा धरून उचला. गुंडी न दाबता ओढलेली डिस्क वाकते आणि मधल्या भोकापाशी तडे जातात. पुसायची ती मऊ कापडाने, मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल फिरवून पुसू नका, कारण माहितीची रेघ गोल जाते आणि त्याच दिशेने पडलेला लांब ओरखडा प्लेअरला सावरता येत नाही. डिस्क उभ्या ठेवा, उन्हापासून दूर.

व्हीएचएसचं काम जास्त नाजूक. खिडकीतून आतली टेप बघा. पांढरट बुरशी दिसली तर ती कॅसेट प्लेअरमध्ये घालू नका. प्लेअर बिघडतो आणि पुढच्या कॅसेटला लागण होते. बुरशी नसेल तर आधी मागची प्लॅस्टिकची चीप तोडलेली आहे ना ते पाहा, म्हणजे चुकून वर काही मुद्रित होणार नाही. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळा, आणि चित्र हललं तर प्लेअरवरची ट्रॅकिंगची कळ फिरवून स्थिर करा. चांगली कॅसेट असेल तर पहिल्याच वाजवण्यात तिची संगणकावर प्रत करून घ्या.

जे भाग उरलेच नाहीत

काही मालिकांची पूर्ण प्रत कुठेच नाही. टेप महाग होती, म्हणून तीच पुसून पुन्हा वापरायचे. बीबीसीच्या 'डॉक्टर हू'चे साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग असे गेले. जे परतले त्यातले बरेच परदेशी वाहिन्यांना विकलेल्या १६ मिलिमीटर फिल्मच्या प्रतींवरून. अशा प्रतीत हालचाल ५० वरून २५ वर आलेली असते. डीव्हीडीवरच्या काही भागांत मधले क्षण संगणकाने परत घातले आहेत, आणि तिथे मला ते मान्य आहे, कारण मूळ प्रक्षेपण तसंच होतं.

हरवलेल्या भागांचा आवाज मात्र सगळाच शिल्लक आहे, कारण प्रेक्षकांनी घरी बसून टीव्हीचा आवाज टेपरेकॉर्डरवर मुद्रित केला होता. त्यावर आता काही भागांची चित्रं हाताने किंवा संगणकावर रेखाटून जोडली आहेत, पहिल्यांदा २००६ मध्ये. असा भाग लागला की वगळून पुढे जाऊ नका. निवेदनासह नुसता आवाज मिळत असेल तर तो आधी ऐका आणि रेखाटलेली आवृत्ती नंतर बघा. उलट केलं तर नटांच्या आवाजाला त्या रेखाटलेल्या चेहऱ्यांची सवय लागते.

आणि घरात कुणी कधीकाळी टीव्हीवरून मुद्रित केलेल्या कॅसेट सापडल्या तर वरची चिठ्ठी फिकी झाली म्हणून टाकून देऊ नका. एकेक लावून त्यावर काय आहे ते लिहून काढा, जाहिराती आणि निवेदिकेच्या घोषणाही तशाच ठेवून प्रत करा. मालिका जुनी असेल आणि बाजारात कुठेच मिळत नसेल, तर ती बनवणाऱ्या वाहिनीच्या संग्रहालयाला कळवा.